सदूकाकाचं गूळ-पाणी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. शाळेत विज्ञान शिकवते, आणि वर्गात कुणी भानामती-बिनामती काढली की त्याला फळ्यापाशी उभं करते. तरी हे लिहितेय... कारण ते मनातून जात नाही.

साल २००३. रत्नागिरीत मांडवीला आमचं घर — पुढे पडवी, तीन पायऱ्या, मागे विहीर. अण्णा, म्हणजे माझे वडील, जन्मभर बोटीवर नोकरी केलेले. निवृत्त झाले आणि पार्किन्सन्सने धरलं. हात थरथरायचे, मान वळायची नाही, आवाज इतका बारीक की कान ओठांशी न्यावा लागे. दिवसभर पडवीतल्या खुर्चीत. अंघोळ, जेवण, गोळ्या — सगळं आई करायची. आई अंथरुणाला खिळली असती तर आमचं घरच बसलं असतं.

गोळ्यांचा डोस वाढला आणि अण्णांकडे पाहुणा यायला लागला. पूर्णगडचा सदूकाका, बोटीवरचा त्यांचा जोडीदार. वारून कैक वर्षं झालेली.

"गूळ-पाणी दे गो, उन्हातून आलाय तो," अण्णा आईला म्हणायचे.

डॉक्टरांनी मला कागदावर मेंदू काढून समजावलं. ह्या आजारात डोपामिन कमी पडतं, ते गोळीतून द्यायचं. पण सेरोटोनिनचंही बिनसतं, आणि दोघांचा मेळ गेला की नसलेली माणसं दिसू लागतात. "बहुतेकदा नुसती बसलेली दिसतात, बोलत नाहीत," ते म्हणाले. अगदी तस्संच! सदूकाका कधी चकार शब्द बोलला नव्हता. मला हायसं वाटलं. जुनी गोळी कमी केली तर अण्णा लाकडासारखे होणार, म्हणून ती तशीच ठेवून सेरोटोनिनवर काम करणारी दुसरी एक जोडीला दिली.

आई मात्र समोरच्या रिकाम्या खुर्चीवर गूळ-पाणी ठेवायचीच.

"आई, मुंग्या होतात गं," मी करवादायची.

"होऊ देत. दारी आलेल्याला कोरडा पाठवू?" असं म्हणून स्वतः सोडा प्यायची. पित्त झालंय, म्हणायची.

नव्या गोळीने पाहुण्याचं येणं कमी झालं. मग एका दुपारी अण्णांनी मला बोटाने जवळ बोलावलं.

"सदू बोलला आज. म्हणतो, वैनी विहिरीवर छाती धरून बसतात. घामाघूम होतात. कुणाला सांगत नाहीत."

मी हसून सोडून देणार होते. पण अण्णांचं म्हणणं मोठ्याने आईला सांगितलं, आणि दारात उभ्या आईचा चेहरा उतरला.

"मी दवाखान्यात जाऊन पडले तर ह्यांचं कोण करणार?" एवढंच म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

त्याच दिवशी कार्डिओग्राम. मग कोल्हापूर, ऑपरेशन. वाचली, बाई.

ती तिकडे असताना मी अण्णांच्या खुर्चीत बसून पाहिलं, मान न वळवता. फाटक दिसतं, आंब्याचं कलम दिसतं. विहीर नाही. डॉक्टरांना विचारलं. अंघोळ घालताना तिची धाप लक्षात आली असेल, म्हणाले. असेलही. पण विहीर?...

आई परतली तोवर पाहुणा यायचा पार बंद झाला होता. अण्णा डॉक्टरांना म्हणाले, "एक दिवस ती गोळी नको. वाचली ती, एवढं त्याला सांगायचंय." डॉक्टर हसले नाहीत. पण गोळीही थांबवली नाही.

मग आईनेच गूळ-पाणी आणून रिकाम्या खुर्चीवर ठेवलं, पदर सारखा केला. "सदूभावजी, बरी आहे हो मी."

अण्णांचे ओठ हलले. मी कान नेला, तशी आईही वाकली.

"खुर्चीत नव्हे गो. तो पायरीवर बसायचा."

आईने तांब्या उचलला, पायरीवर ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं.

अण्णा जाऊनही आता काही वर्षं झाली. मी अजून विज्ञानच शिकवते. फक्त त्या पायरीवर मी चपला काढत नाही.