कलत्या रानाची मोजणी

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोइमतूरच्या दुकानात होतो. आमचा धंदा सोनं गाळायचा. विट्याकडच्या निम्म्या घरांचा तोच. आप्पा माझे थोरले भाऊ. अकरा वर्षं मी त्यांच्याशी बोललो नव्हतो... आणि चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्याकडं नांगरट असो की ऊसलागण, रान मोजायची एकच रीत. समोरासमोरच्या बाजू मिळवायच्या, निम्म्या करायच्या, आणि आलेले दोन आकडे गुणायचे. झालं! आप्पा मात्र आधी एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात दोरी ताणायचे. रानाचे दोन त्रिकोण पाडायचे, दोरीवर लंब धरायचे. पाया गुणिले उंची, त्याचं निम्मं. कुठं रानाला शेपूट निघालेलं असलं तर त्याचा आणखी एक त्रिकोण. लोक कंटाळायचे. "आवं आप्पा, रान मोजताय का पोरीचं पोलकं बेतताय?" आप्पा नुसते हसायचे. सातवी शिकलेला माणूस, पण त्यांच्या मोजणीवर कधी भांडण झालं नाही. झालं ते आमच्याच घरात.

वडील गेल्यावर वाटणी झाली. सडकेकडचं सरळ चौकोनी रान त्यांनी मला दिलं, ओढ्याकडचं कलतं, तिरक्या कोपऱ्यांचं, स्वतःला ठेवलं. दोन्ही अडतीस गुंठे, म्हणाले. मी पडलो गुंजेगुंजेचा हिशेब ठेवणारा! शहाणपणा करून टेप घेतली, त्यांच्या रानाला फेरी मारली, गावच्या रीतीनं गुणलं. बेचाळीस आले.

"आप्पा, चार गुंठं गिळलासा तुमी!" भर चावडीसमोर ओरडलो मी.

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "रान कलतं हाय, गड्या. बाजू तेवढ्याच राहत्यात, पर कललं की आतली जागा घटती. चल, दोरीचं टोक धर, मग बोल."

मी टोक धरलं नाही. त्यानंतर दर जत्रेला गावी यायचो, त्यांच्या दारावरून तोंड फिरवून जायचो. मोजायला अर्धा तास लागला असता हो... अर्धा तास!

दहावं झालं, पावणे पांगले. मी सोप्यातली दोरी काढली आणि वहिनींना म्हणालो, "टोक धरता का?" काही न विचारता त्या आल्या. कोपऱ्याला कोपरा जोडला, लंब घेतले, बांधावर बसून गुणाकार केला. एक त्रिकोण एकवीस गुंठे, दुसरा सतरा. पुन्हा केला. अडतीसच.

"वहिनी, चुकलं माझं," म्हणालो आणि मला रडू आवरेना.

वहिनी दोरी गुंडाळत राहिल्या. "मीच म्हनलं हुतं त्यास्नी, भावजी. देऊन टाका चार गुंठं, भाऊ बोलंल तरी."

"मग?"

"म्हनले, दिलं तर बोलंल गं... पर जल्मभर मला चोर समजूनच बोलंल."