जावईबापूंचा फ्रेंच रॉक बँड

आमच्या बँडची गाणी बसायला महिने लागतात, किस्से मात्र आपोआप बसतात. कार्यक्रम आटोपून जीपमध्ये सामान चढवेपर्यंत एखादा तयार असतोच. शेलूबाजारच्या चौकात आता मला "काय वाजवलं?" असं कोणी विचारतच नाही. "काय झालं?" असंच विचारतात.

*

बँड फ्रेंच कसा, ते आधी सांगतो. आम्ही तिघं. मी मोबाइल दुरुस्तीवाला, बेस गिटारवर. प्रफुल्ल शाळेत मास्तर, तो गिटार वाजवतो अन् गातो. ड्रमवर एमिल, तो मात्र खरोखर फ्रान्सचा. तिकडे त्याचा रॉक बँड होता, रेकॉर्डबिकॉर्ड निघालेला. तो फुटला. मग पुण्यात नोकरी करताना त्याला आसेगावची वर्षा भेटली, लग्न झालं, आणि लॅपटॉपवरची नोकरी घेऊन स्वारी इकडे आली.

तिघांत एकच फ्रेंच, तरी आम्ही बॅनरवर ठोकून दिलं, 'फ्रेंच रॉक बँड'. पहिल्याच कार्यक्रमाला आयोजकानं एमिलशी हात मिळवला आणि विचारलं, "बाकीचे दोघं कवा येतीन?"

आम्ही दोघं त्याच्यासमोरच उभे होतो.

*

एकदा कार्यक्रम संपल्यावर एक काका स्टेजवर आले. माझी गिटार निरखून म्हणाले, "मास्तरच्या गिटारीले सहा तारा, तुह्या गिटारीले चारच. काहून?"

"काका, ही बेस गिटार हाये. हिले चारच असतात."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे. वाजवत राय. भेटतीन बाकीच्या बी हळूहळू."

*

पोहरादेवीच्या यात्रेत आम्हाला संधी मिळाली. समोर ही गर्दी, आणि कोणी जागचं हलेना. सगळे टक लावून आमच्याकडे पाहताहेत. मला वाटलं, झालं, आपण मोठे झालो.

खरी गोष्ट अशी की सगळ्या यात्रेत आमचाच स्पीकर मोठा होता. प्रत्येक गाण्यानंतर एक कार्यकर्ता माइक घ्यायचा: "मानोऱ्याच्या कमलमावशी, तुमच्या घरचे लोक स्टेजपाशी थांबले हायेत." ज्याचं माणूस सापडलं, तो चालायला लागायचा. शेवटच्या गाण्याला समोर एक आजी उरल्या. प्रफुल्ल खुशीत खाली उतरला. "आजी, आवडलं काय?"

आजी म्हणाल्या, "माह्यं नाव कवा घेता?"

*

एमिलचं दुखणं मात्र वेगळंच होतं. आसेगावचा तो जावई, म्हणजे सगळ्या गावाचा जावई. तिथे त्यानं पाण्याचा तांब्या उचलला तरी चार जण धावतात. ड्रम वाजवणं तर दूरच. त्याचे सासरे देविदासराव, ज्यांना तो मामाजी म्हणतो, यांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं, "कुठीबी वाजवा, पण आसेगावात नाही. माह्या दारात जावई ढोल बडवून राह्यला तं लोक हासतीन मले."

एमिलला हे फार लागलं. तिकडच्या बँडसाठी त्यानं स्वतः लिहिलेलं एक गाणं आम्ही वाजवतो. प्रफुल्ल ते देवनागरीत लिहून गातो, अर्थाशी त्याचा काही संबंध नाही. एमिल सासरी शिकलेल्या वऱ्हाडीत मला एकदा म्हणाला, "माह्या बापानं हे गाणं कधी आयकलं नाही. तसाच गेला तो. मामाजीनं तरी एक बार आयकावं."

*

मग वर्षाच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं, आसेगावातच. आम्ही पाहुणे म्हणून गेलो. दुसऱ्या दिवशी वाशीमला कार्यक्रम होता, म्हणून सामान जीपमध्येच होतं.

वरात गावाच्या तोंडाशी येऊन थांबली. डीजेची गाडी वाटेत बंद पडली होती, आणि नवरदेवाकडचे अडून बसले, "वाज्याशिवाय नवरदेव मांडवात येणार नाही." मुहूर्त टळत चालला. देविदासराव घामाघूम होऊन एमिलपाशी आले. जावयाला काम सांगायचं तरी कसं? "जावईबापू..." एवढंच म्हणाले आणि जीपकडे बोट दाखवलं.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ड्रम चढले, जनरेटर चढला, आम्ही चढलो. आम्हाला वरातीचं एकही गाणं येत नाही. एमिलनं कोणाला न विचारता आपलं फ्रेंच गाणं सुरू केलं. प्रफुल्ल डोळे मिटून गायला. मी घाबरून चुकत होतो, पण माझ्या चुका आजवर कोणाला ऐकू आल्यात? नवरदेवाचे मित्र नाचले, करवल्या नाचल्या. देविदासराव खाली मान घालून ट्रॉलीसोबत चालत होते. एमिल वाजवता वाजवता सारखा त्यांच्याकडेच पाहत होता.

मांडवाच्या दारात गाणं संपलं. देविदासराव ट्रॉलीपाशी आले. एमिल हातात काठ्या धरून उभा राहिला.

"जावईबापू," ते म्हणाले, "तेच अजून एक बार वाजवा. पयल्या बारीले मले लाज वाटून राह्यली होती, आयकूच नाही आलं."