लाल झंपरातला नारळ

दिवाळीपासून सोजरबाई डोळे मिटून वाती वळायला शिकत होती. घरच्या कापसाची सरकी काढायची, पेळू मांडीवर घ्यायचा आणि तळहातानं वळत राहायचं. पहिल्या दिवशीच निम्म्या वाती नीट जमल्या. उरलेल्या निम्म्या पाहून नवरा महिपत म्हणाला, उंदरांच्या शेपट्या बऱ्या. ती हसली आणि पुन्हा डोळे मिटून बसली.

उजव्या डोळ्याला आता नुसता उजेड कळत होता. डाव्यातही काचबिंदू शिरला होता. आदिलाबादच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही. ऑपरेशननं उरलेली वाचेल, कदाचित तीही जाईल. सोमवारी या.

भीमपूरकडच्या त्या गावात अशा वेळी नवसाचा नारळ बांधतात. लाल फडक्यात गुंडाळून देवीच्या देवळाच्या आढ्याला टांगायचा, मागणं पुरं झालं की सोडवून फोडायचा. ज्यांचं मागणं पुरं होत नाही, त्यांचे नारळ तसेच लोंबत राहतात. त्यांना कोणी हात लावत नाही. सोजरबाईचाही एक होता, अठरा वर्षांपूर्वी धाकट्या लेकीच्या तापासाठी बांधलेला. लेक गेली. त्यानंतर वर्षभर सोजरबाईनं देवळाकडे पाहिलं नव्हतं.

थोरली जाऊ बयनाबाई शनिवारी नारळ घेऊनच आली. "देवीले मांगाले काऊन लाजतेस? पाव्हन्याच्या घरी जेवाले बसली का तू?"

"मांगतो न बाई, रोज मांगतो," सोजरबाई म्हणाली. "अट नाई घालत."

बयनाबाईनं तोंड वाकडं केलं, चहा मात्र पुरा पिऊन गेली. नारळ ओसरीवरच राहिला.

रविवारी तिन्हीसांजेला सोजरबाई दिवा लावायला देवळात गेली. वात पेटवून मान वर केली, तर आढ्याला एक नवं लाल फडकं. तिनं डावा डोळा बारीक करून पाहिलं. बाहीला पिवळी किनार होती. तिचाच जुना झंपर.

तिनं पुजाऱ्याच्या पोराला पाठवून महिपतला बोलावून घेतलं आणि येताना शिडी आणायला सांगितली. शिडी खांद्यावर घेऊन आलेल्या महिपतनं तिच्याकडे पाहिलंच नाही. तू बांधत नव्हतीस म्हणून मी बांधला, देवीला साडी बोललोय, एवढंच तो पुटपुटला.

"शिडी धरा," ती म्हणाली.

पुजारी भगवानराव गाभाऱ्यातून धावत आले. नवस मध्येच सोडवला तर देवी कोपते, उद्याचा दिवस कसला आहे ते तरी बघ, असं त्यांनी बजावलं. सोजरबाई तिसऱ्या पायरीवर पोचली होती.

"कोपू द्या. माय हाय ते, सावकार नाई."

गाठ तिनं बोटांनी चाचपून सोडवली. मग शिडी हातभर सरकवायला लावून जुना नारळही काढला. त्याचं फडकं हातातच विरलं. आत गोटा खडखडत होता. तो तिनं थोडा वेळ पोटाशी धरला. महिपतनं शिडी घट्ट धरली होती.

"डोये गेले तर दिवा बंद कराल का तुमी?" तिनं वरूनच विचारलं.

"मी केला होता, पोरगी गेली तवा. देवीले मजुरीनं लावलं होतं मी. काम झालं नाई, मजुरी बंद. तसं पुन्हा नाई करत आता."

नवा नारळ तिनं तिथंच फोडला आणि देवळातल्या सगळ्यांना खोबरं वाटलं. भगवानरावांनी जरा थांबून हात पुढे केला. जुना नारळ महिपतनं तिच्या सांगण्यावरून पैनगंगेत सोडला.

ऑपरेशननंतर पट्टी निघाली, तेव्हा डॉक्टरांची बोटं तिनं मोजली. तीन. पूर्वीइतकंच दिसत होतं, जास्त नाही. पुढचं महिन्या महिन्याला तपासून कळणार होतं.

बसस्टँडवर महिपतनं भीत भीत विचारलं, साडीचं काय करायचं?

"नेसवा न. पन डोयाची मनून नका नेसवू."

त्यानं खूप विचार केला. मग पुन्हा चुकायला नको म्हणून विचारलं, "रंग कोनता?"

"हिरवा," ती म्हणाली आणि पिशवीतून कापूस काढून डोळे मिटून वात वळायला लागली.