चिमट्याची पिवळी बाजू

सेलू तालुक्यात सॅपोसिन हा शब्द जितक्या लोकांना ठाऊक आहे, तितक्यांना तो देशातल्या दुसऱ्या कुठल्याही तालुक्यात ठाऊक नसेल, आणि याला एकटे माझे थोरले साडू जबाबदार आहेत. ते कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. सॅपोसिन हे पेशीतलं एक लहानसं प्रथिन. अभ्यासक्रमात त्याच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी येतात. साडू त्यावर चार तास घेतात आणि उरलेलं गावात सांगतात. न्हाव्याकडे ते फक्त तोंडाला फेस असेपर्यंत गप्प असतात. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी तूप वाढणाऱ्याला थांबवलं होतं. हे तूप वेगळं आणि पेशीच्या पडद्यातली चरबी वेगळी, हे त्याला पटेपर्यंत पुढची सगळी पंगत कोरडा भात घेऊन बसली होती.

त्यांचं म्हणणं असं, की पडद्यातली जुनी चरबी तोडणारं विकर पाण्यात असतं आणि चरबी पडद्यात रुतलेली असते. दोघांची गाठच पडत नाही. सॅपोसिन पडद्याला भिडतं, चरबीचा कण उचलतं आणि विकरासमोर धरतं. ते नसेल तर विकर धडधाकट असूनही चरबी साचत जाते आणि लेकरं आजारी पडतात. एकदा हे ऐकून जिनिंगमधली एक कामगार बाई म्हणाली, "म्हंजी मशीन काय गंजीकडं चालत येत न्हाई. आमी कापूस नेऊन तिच्या तोंडात घालताव, तसंच की." साडू जागेवरून उठले. "तसंच! आन् नाव कुणाचं होतं?" "मशीनचं," बाई म्हणाली. ते वाक्य पुढच्या आठवड्यात वर्गात गेलं, बाईच्या नावासकट.

रचना शिकवायला त्यांनी बायकोचा, म्हणजे माझ्या मेहुणीबाईंचा, पापड भाजायचा चिमटा नेला. मिटलेला चिमटा म्हणजे पाण्यात फिरणारं सॅपोसिन, उघडला की चरबी धरणारं. गंधकाच्या तीन गाठींनी ते इतकं पक्कं बांधलेलं असतं की उकळलं तरी सहसा बिघडत नाही, हे सांगताना त्यांनी चिमट्याला तीन ठिकाणी तार गुंडाळली. चरबीला धरणारी बाजू पिवळी रंगवली, पाण्याला धरणारी निळी.

परवा मी त्यांच्याकडे दुपारी जेवायला होतो. मेहुणीबाईंनी वैतागून तोच चिमटा कॉलेजच्या पिशवीतून काढला, घासला आणि पापड भाजायला घेतला. साडूंचा घास हातातच राहिला.

"पापड कुठं हाय?"

"चिमट्यात. दुसरीकडं कुठं असंल?" मेहुणीबाई म्हणाल्या.

"आत हाय. आन् पिवळा रंग बाहीर हाय!"

शेवटच्या बाकापर्यंत दिसावा म्हणून त्यांनी पिवळा रंग बाहेरून दिला होता. चरबी धरणारी बाजू तर आत हवी. त्यांची विद्यार्थिनी प्रज्ञा त्याच दुपारी देवगाव फाट्यावरून पुण्याला निघणार होती. दुसऱ्या दिवशी एका संशोधन संस्थेत प्रवेशाची मुलाखत होती, आणि ती सॅपोसिनवरच बोलणार होती. तिच्या गावातून अशा मुलाखतीला आजवर कुणी गेलं नव्हतं.

"फोन करा," मी म्हणालो.

"फोनवर आत-बाहीर काय दाखवू? पाहुणे, गाडी काढा."

मेहुणीबाईंच्या हातातून त्यांनी चिमटा घेतला. पापड ताटात पडला.

फाट्यावर प्रज्ञा आईबरोबर उभी होती. साडूंनी उतरता उतरता चिमटा उघडला. "पोरी, चुकलं माझं. पिवळी बाजू आत पाहिजे. मी उलटं शिकवलं तुला."

प्रज्ञाने बॅगेतून वही काढली. तिच्या आकृतीत पिवळी बाजू आतच होती.

"सर, तेल पाण्याकडं तोंड करून कसं बसंल? मी घरी जाऊन दुरुस्त केलं तवाच."

"मग बोलली का न्हाई?"

"तुमी लय रंगात आले होते, सर."

आई पदराआड हसली. तेवढ्यात पुण्याची गाडी आली, पाच मिनिटांत प्रज्ञाला घेऊन निघूनही गेली.

पुढचा अर्धा तास साडू फाट्यावरच्या हॉटेलात प्रत्येक गिऱ्हाईकाला चिमटा दाखवत होते. "माझी चूक माझ्या पोरीनं पकडली. एकटीनं. कुणी सांगितलं न्हाई तिला!" हॉटेलवाल्याने चहा ठेवत विचारलं, "सर, चूक सांगायलात का बढाई मारायलात?"

"बढाई," साडू म्हणाले.

मग त्यांनी चिमटा मिटून टेबलावर ठेवला. चहावर साय धरली.

"आता तिला माझ्यापेक्षा जास्ती कळंल," ते म्हणाले. "कळायलाच पाहिजे." नंतर रस्त्याकडे पाहत त्यांनी विचारलं, "पण पाहुणे, नवं काही सापडलं, तर फोन करून सांगंल का हो आपल्याला?"