भैरवनाथाचं जुनं देऊळ आणि आमची कमिटी

देवळाच्या कमिटीत काही मिळत नाही म्हणतात, ते खोटं. किस्से मिळतात, आणि ते ठेवायला जागा पुरत नाही. घोडेगावच्या वर, डोंगराकडं आमचं गाव. तिथलं भैरवनाथाचं दगडी देऊळ यादवांच्या काळातलं. ते पाडून स्लॅबचं बांधू, असं कमिटीतल्या दिनकरशेठचं म्हणणं. आहे तेच राखू, असं माझं. एसटीत कंडक्टर होतो राव, भांडायची सवय आहे! पण देऊळ पाडलं तर मी गावच सोडणार होतो, इतका त्याच्यावर जीव.

*

पुण्याहून एक आर्किटेक्ट बाई आल्या. खांबांवरचा ऑइलपेंट बघून त्यांनी विचारलं, हे कोणी केलं? सगळी कमिटी छताकडं बघायला लागली.

मग रंग खरवडायला घेतला. गुलाबीखाली हिरवा, हिरव्याखाली निळा. दर जत्रेला एक थर! निळ्याखालून मृदंग वाजवणारी दगडी बाई निघाली. शेजारच्या शेवंताकाकूनं तिला लई वेळ निरखलं.

"एवढा रंग फासला, तरी ही आपली वाजवतच व्हती की!"

*

लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड, म्हणजे वीरगळ. देवळापुढचा आमचा एक गायब होता. सापडला तो काकूच्याच न्हाणीपुढं, पालथा. सुलटा केल्यावर ढाल-तलवार दिसली आणि काकूचा चेहरा उतरला.

"इतकी वर्षं याच्या पाठीवर धुणं आपटलं, अन् गडी एकदा बोलला न्हाई."

दगडाला अंघोळ घालून, हार घालूनच तिनं तो परत पाठवला.

*

आर्किटेक्ट बाईंनी यादवांचा काळ समजावून सांगितला. आमचे गुरव तात्या ऐकून घेऊन म्हणाले, पांडवांनी एका रात्रीत बांधलंय. बाईंनी पुन्हा समजावलं.

"तुमचं खरं असंल ताई. पण मग कळस अर्धा का ऱ्हायला? कोंबडा आरवला म्हणून!"

बाईंनी चहा मागितला.

*

शेवटी दिनकरशेठ म्हणाले, देवालाच विचारू. कौल लावायचा ठरला. देवाच्या अंगावर दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर राखायचं, डावी पडली तर पाडायचं. सगळं गाव गाभाऱ्यापुढं बसलं. तात्यांनी कळ्या लावून गाऱ्हाणं घातलं.

डावी पडली.

माझे डोळे भरून आले, मी ते पुसलेही नाहीत. तात्यांनी देवाला हात जोडले, कोपऱ्यातली पहार उचलली आणि दिनकरशेठपुढं ठेवली.

"देव तयार हाये, शेठ. पहिला घाव तुमचा."

दिनकरशेठनी पहारीकडं पाहिलं, मग देवाकडं. मग हळूच मला विचारलं, आज वार कोणता?

"रविवार."

"देवाचाच वार. मग आज नको. चांगला दिवस बघू."

अजून बघतायत.