अक्काची खोल पाण्यातली माकुळं

अक्का गेल्याचा फोन तिच्या कॉलेजातून आला. "मॅडम गेल्या, स्टाफरूममध्येच... हार्टॲटॅक," हेडक्लार्क म्हणाले आणि त्याच दमात विचारलं, "पेपरांचे गठ्ठे घरी हायत का?" सहा आठवडे झाले, माझा संताप उतरलेला नाही.

शैलजाअक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. गारगोटीहून कोल्हापुरात आली, प्राणिशास्त्र शिकवू लागली आणि एकदा संशोधकांच्या जहाजातून अरबी समुद्रात जाऊन आली. येताना बरण्यांतून माकुळं आणली, दहा हातांचे ते स्क्विड. खोल पाण्यात एक थर असतो, तिथं प्राणवायू जवळजवळ नसतोच. बहुतेक मासे तिथं गुदमरतील. ही माकुळं तिथं राहतात. "कशी गं?" मी विचारलं. "उगाच धडपडत न्हाईत. अंगाची गरजच कमी करून टाकतात. रक्त निळं, त्यात तांबं. मिळंल तेवढा प्राणवायू धरून ठेवतं. आणि कल्ले बघ की केवढे!" बोलताना तिचा चेहरा लहान मुलीसारखा व्हायचा.

"कोल्हापुरात समुद्र कुठं हाय, मॅडम?" विभागप्रमुख हसायचे आणि प्रवेशाचं, परीक्षेचं, हजेरीचं सगळं काम तिच्या गळ्यात मारायचे. कॉलेज सुटल्यावर ती एकटीच बसून कल्ल्यांचे तंतू मोजायची... बारा वर्षं. गेल्या उन्हाळ्यात ती परीक्षेच्या ड्युटीवर पेठ वडगावला असताना तपासणी समितीसाठी प्रयोगशाळेला नव्या फरशा बसवल्या आणि तिच्या बरण्या कचऱ्याच्या ट्रॉलीत गेल्या. "वास येत होता," एवढंच उत्तर मिळालं.

"भांड की अक्का!" मी ओरडले.

"कुणाशी? काय टाकलं तेच त्यांना ठाऊक न्हाई."

तिच्या त्या शांतपणाचाही मला राग येतो. तिच्यावर ओरडले, याचा त्याहून जास्त.

शोकसभेत तेच विभागप्रमुख म्हणाले, "मॅडमचं संशोधन आमच्या कॉलेजची शान होतं." मी उभी राहिले. "मग ट्रॉलीत टाकलंसा कशाला?" तेवढ्यात चहा आला आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

तिच्या टेबलावर मला एक पेन्सिलीचं चित्र सापडलं. माकुळाचा कल्ला, अर्धा तंतू न् तंतू काढलेला, अर्धा कोरा. कोपऱ्यात तिच्या अक्षरात, 'उरलेलं वडगावहून आल्यावर'. मंगळवार पेठेतल्या माझ्या घरात, दारासमोरच्या भिंतीवर मी ते लावलंय. परवा कॉलेजातून फोन आला. नव्या प्रयोगशाळेला मॅडमचं नाव देतोय, लावायला त्यांचं काही आहे का?

"न्हाई," म्हणाले आणि फोन ठेवला.