इराण्याचा उजवा खांदा

पीठ मळायला बसण्याआधी तो दोन बोटं जमिनीला टेकवायचा, ओठांना लावायचा आणि म्हणायचा, "फिर से." आखाड्यात उतरतानाची ही त्याच्या मुलखातली रीत. इथं अलिबागेत पुढ्यात आखाडा नव्हता, पावाच्या पिठाची परात होती.

इराणात पैलवान म्हणून त्याचं नाव होतं. उजवा खांदा निखळला आणि नावही गेलं, म्हणून तो गाववाल्याच्या बेकरीत आला. मी शाळामास्तर, घर सोवळ्याचं. चोरून पाव खायला जायचो, तिथं ओळख झाली. एकदा आईला माझ्या उपरण्यात चुरा सापडला. "वाचनालयातल्या पुस्तकांना वाळवी लागलीय," मी म्हणालो. अशी माझी अक्कल.

आमच्या तालमीला वस्ताद हवा होता. पंच त्याला म्हणाले, "जत्रेत एक कुस्ती मार. तालीम तुझी, मागची खोलीही तुझी." खोली मिळाली की तो बायकोला बोलावणार होता.

"मास्तर, कंधा अभी कच्चा," त्यानं मला एकट्याला सांगितलं. "कुणाला बोलू नको."

मी जानव्याची शपथ घेतली.

जत्रेत कुस्त्या पुकारायचं काम माझ्याकडे. समोर थळचा एक कोळी गडी, छाती दाराएवढी. तुम्हाला म्हणून सांगतो, चार माणसं ऐकायला बसली की मला माझाच आवाज चढतो.

"मंडळी! याचा उजवा खांदा निखळलेला! वैद्यांनी हात टेकलेले! तरी हा वाघ परमुलखात पुन्हा लंगोट कसून उभा आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. भाषण झकास झालं, असं मला खरोखरच वाटलं.

टाळ्या ओसरल्या तसा त्या गड्याचा चुलता गर्दीतून ओरडला, "आयकलास ना रं? उजवा खांदा धर!"

पुढची कुस्ती मी पाहिली नाही. हाड सरकल्याचा आवाज मात्र ऐकला.

त्यानंतर त्याला पीठ मळणंही जमेना. बेकरीवाल्यानं महिनाभर वाट पाहिली आणि त्याला मायदेशी पाठवायचं ठरवलं.

मी रेवसच्या धक्क्यावर पोचवायला गेलो. माफीची वाक्यं वाटेतच जुळवून ठेवली होती. पण आधी तोच बोलला.

"मास्तर, उस दिन तू माझ्याबद्दल काय बोलला? मराठी भारी होती, समजली नाही. लोक किती टाळ्या मारत होते!"

"तुझी तारीफ केली," मी म्हणालो.

त्याचा चेहरा उजळला. उजवा हात गळ्यात बांधलेला होता. डाव्यानं त्यानं माझी पाठ थोपटली.

"बायकोला सांगेन," म्हणाला आणि लाँचमध्ये उतरला.